देशी तुती ओळखायची कशी?

(जेऊर, ता. करमाळा येथील शेतकरी बैठकीतील भाषण)



बांधावर, विहिरीच्या काठाला फळाचे एखादे झाड लावावे म्हटले की रोपे विकणारा म्हणतो, 'घ्या, देशी तुती आहे.' देशी म्हटले की आपण विश्वास टाकतो. पण पैसे आपले, पाणी आपले आणि फळाची वाट पाहण्यात जाणारी वर्षेही आपलीच. तेव्हा पारख आपल्यालाच आली पाहिजे.

आधी झाड तुतीचेच आहे ना, ते पाहा. पानाचा देठ मोडला की पांढरा चीक येतो. पानाच्या बुडापासून तीन ठळक शिरा निघतात. कडा करवतीसारखी दातेरी असते. एकाच झाडावर काही पाने अखंड आणि काही पंज्यासारखी फाटलेली दिसली, तर दोन जातींची भेसळ समजू नका. तुतीचा तो स्वभावच आहे.

आता रंगाचे. 'पांढऱ्या फळाची परदेशी, काळ्या फळाची देशी' असे सर्रास सांगतात. ते खरे नाही. मूळच्या चीनच्या तुतीला, म्हणजे मोरस अल्बाला, पांढरी, गुलाबी, काळी-जांभळी अशी सगळ्या रंगांची फळे येतात. हिंदुस्थानी तुती ती मोरस इंडिका. दोघींचा फरक रंगात नाही, फुलात आहे. मादी फुलाच्या टोकाला दोन बारीक धागे असतात. ते धागे एका दांडीवर असले तर इंडिका. दांडी जवळजवळ नसली तर अल्बा. हे पाहायला भिंग लागते. बोटाएवढी लांब फळे देणारी शहतूत वेगळी, ती हिमालयाच्या पायथ्याची. आपल्या भागात दिसते ती तुती बहुधा कोणी लावलेली, नाही तर पाखरांनी बी टाकून उगवलेली.

पण फळ हवे असेल तर खरा प्रश्न देशी-परदेशीचा नाहीच. प्रश्न आहे नर-मादीचा. तुतीत पुष्कळदा नर झाड वेगळे, मादी झाड वेगळे. नराला लोंबते तुरे येतात, पराग उडाला की वाळून गळतात. मादीच्या तुऱ्यावर पांढरे धागे दिसतात आणि तोच तुरा हिरवा, मग रसाळ होतो. नराला कितीही शेणखत घाला, पाणी पाजा, फळ येणार नाही.

बेण्यातून येणारे झाड आईसारखेच होते. म्हणून फळ लागलेले असतानाच झाड पाहा, फळ चाखा, फांदीला चिंधी बांधून खूण करा. पावसाळ्यात त्याच फांदीचे सहा-आठ महिन्यांचे, तीन-चार डोळ्यांचे, वीतभर बेणे लावा. बियांच्या रोपात नर किती, मादी किती, हे आधी सांगता येत नाही.

रेशीमवाल्यांकडचे बेणे आणतानाही विचारून घ्या. म्हैसूरच्या संशोधन संस्थेची व्ही-1 ही जात 1997 साली आली, ती पाल्यासाठी. पाल्याची तुती वरचेवर छाटतात. तिथे फळाचा हिशेब कोणी धरलेला नसतो. कोष करायचे त्यांना तीच योग्य. पोरांना फळे द्यायची, त्यांनी चाखलेल्या झाडाचेच बेणे आणावे.

एवढे करा. नाव कोणी काहीही सांगो. देठ मोडून, तुरा पाहून, फळ चाखून मगच खिशात हात घाला.