शाळातपासणी आणि विश्वस्तांचे कर्तव्य



सुवर्णमहोत्सवाच्या या मंगलप्रसंगी आपल्या शाळेचे गुणगान पुष्कळ झाले आणि ते यथार्थच आहे. मी व्यापारी माणूस. माझ्या वाट्याला हिशेबाचा विषय यावा, हे स्वाभाविक होय.

सरकारने शाळेला अनुदान द्यावे आणि निरीक्षकाने तिची तपासणी करावी, ही जोडी आपल्याकडे १८५४ च्या वुडच्या खलित्याने रूढ केली. तिच्यातील उणीव महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात नेमकी दाखविली. डेप्युटी इन्स्पेक्टरच्या वर्षातील एका भेटीने फारसे काही साधत नाही. तपासणी निदान दर तिमाहीस व्हावी, शिवाय पूर्वसूचना न देताही व्हावी, असे त्यांचे म्हणणे होते. आपणांस हे नवे वाटू नये. प्रतिक्रमण केवळ सांवत्सरिक नसते. ते दैवसिक, पाक्षिक आणि चातुर्मासिकही असते.

मात्र तपासणीची गाठ पैशाशी फार घट्ट मारली की काय घडते, हे इंग्लंडने अनुभवले. १८६२ च्या नियमावलीनुसार मुलामागे ४ शिलिंग हजेरीबद्दल आणि ८ शिलिंग वाचन, लेखन व गणितातील उत्तीर्णतेबद्दल मिळत. शिक्षक परीक्षेपुरते शिकवू लागले, मुले वाचनपुस्तक तोंडपाठ करू लागली. स्वतः शाळानिरीक्षक असलेले कवी मॅथ्यू अर्नोल्ड यांनी या पद्धतीवर सातत्याने टीका केली. १८९० नंतर ती क्रमशः मागे पडली.

आपल्या राज्यात ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या काळात पटपडताळणी झाली. एकच मूल दोन शाळांत मोजले जाऊ नये म्हणून बोटांना शाई लावण्यात आली. कागदावरील लाखो विद्यार्थी प्रत्यक्षात आढळले नाहीत! मोहीम आवश्यक होती. तथापि तिने डोकी मोजली, शिक्षण नव्हे. ताका मीटरने मोजता येतो. वीण पाहायची तर कापड उजेडात धरावे लागते.

लेखापरीक्षक हा राखणदार आहे, शिकारी नव्हे, हे तत्त्व आम्ही बी.कॉम.ला शिकलो. १८९६ च्या किंग्स्टन कॉटन मिल खटल्यातील ते आहे (गिरणी योगायोगाने सुताचीच!). शाळेच्या तपासनीसालाही ते लागू पडावे.

म्हणून विश्वस्तांना माझी नम्र सूचना आहे. दर तिमाहीस दोघांनी शाळेत जावे, मागील बाकावर एक संपूर्ण तासिका बसावे. प्रथम शेरेबुकातील मागचा शेरा वाचावा आणि त्याचे पुढे काय झाले, ते विचारावे. त्या दिवशी हारतुरे नकोत, अल्पोपाहारही नको. पहिली भेट दिवाळीच्या सुट्टीनंतर ठेवावी आणि तिची तारीख मुख्याध्यापकांनाही आगाऊ कळवू नये.