भेग वाढते कशी?

पाथरवट मोठी शिळा फोडतो तेव्हा तिच्यावर वेडेवाकडे घाव घालीत नाही. एका रेषेत लहान लहान भोके पाडून त्यांत तो पाचरी बसवितो आणि त्या पाळीपाळीने ठोकीत जातो. भोकाभोकांतून निघालेल्या बारीक चिरा एकमेकींस मिळतात आणि शिळा दुभंगते. भूगर्भातील प्रचंड विभंगांची जन्मकथाही बहुतांशी अशीच आहे. ज्या भेगेच्या दोन्ही अंगांचे खडक एकमेकांवरून सरकलेले असतात, तिला विभंग म्हणावयाचे.

भेग का वाढते, याचा उलगडा ग्रिफिथ या इंग्रज अभियंत्याने काचेवरील प्रयोगांच्या आधारे १९२१ साली प्रसिद्ध केला. पदार्थावर पडणारा ताण भेगेच्या टोकाशी एकवटतो. भेग जितकी लांब, तितका तिला पुढे जाण्यास ताण कमी लागतो; लांबी चौपट झाली की निम्म्या ताणाने काम भागते. म्हणूनच दगडाचे बळ त्याच्या कणांवरून नव्हे, तर त्यातील मोठ्यात मोठ्या भेगेवरून ठरते.

खोल भूगर्भात मात्र खडक चोहोंकडून दाबलेला असतो. तेथे एकटी चीर फार दूर जाऊ शकत नाही. असंख्य सूक्ष्म चिरा हळूहळू वाढतात, दाट होतात, आणि अखेर एका तिरप्या पट्ट्यात एकमेकींस मिळून खडक घसरतो. असे लहान विभंग जोडले जाऊनच मोठे विभंग होतात. बोटभर चीर आणि कोसभर विभंग यांची ठेवण इतकी सारखी असते की, छायाचित्र घेताना भूशास्त्रज्ञ शेजारी हातोडा ठेवतो. एरव्ही आकाराचा अंदाजच येत नाही.

किलोमीटरभर लांबीच्या विभंगावर खडक पुष्कळदा दहाएक मीटर सरकलेला आढळतो. परंतु एका भूकंपातील सरक तुटलेल्या लांबीच्या दहा हजारांशाहूनही बहुधा कमी असते. तेव्हा मोठा विभंग म्हणजे शेकडो धक्क्यांची साठवण होय.

विभंगाच्या लांबीवरून भावी भूकंपाचा अंदाज बांधतात. सुमारे १० किलोमीटर लांबी तुटली तर भूकंपाचे मान ६ च्या आसपास, ५० किलोमीटर तुटली तर ७ च्या आसपास. पण लांबी कोणती धरावी? २८ जून १९९२ रोजी कॅलिफोर्नियातील लँडर्स येथे नकाशावर निरनिराळे दाखविलेले पाच विभंग एकाच झपाट्यात तुटले. भूकंपाचे मान ७.३ भरले; एकेका विभंगाच्या लांबीवरून एवढ्या धक्क्याची अपेक्षा कोणी केली नसती. प्रदेश वाळवंटी आणि वस्ती विरळ, म्हणून प्राणहानी अल्प झाली इतकेच.

जगातील अनेक भूकंपांच्या खुणा तपासल्यावर असे दिसून आले आहे की, दोन विभंगांमधील तीन-चार किलोमीटरांचे अंतर भूकंप ओलांडू शकतो. पाच किलोमीटरांहून रुंद अंतर मात्र तो क्वचितच ओलांडतो. धरण बांधणाऱ्याने किंवा नगर वसविणाऱ्याने नकाशावरील रेषांची लांबी पाहावी, परंतु तेवढ्यावर न थांबता दोन रेषांमधील मोकळी जागाही मोजून घ्यावी.