निशिगंध : उन्हाचे पीक, हिशेबाचे पीक

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या बैठकीत मी फुलांवर बोलावे असे ठरले, तेव्हा काहीजण हसले. कर्ज, वीज, भाव हे विषय सोडून हा माणूस फुले कसली घेऊन बसला? पण गेल्या काही महिन्यांत गावोगाव मला एकच प्रश्न विचारला जातो आहे. ‘साहेब, गुलछडी लावू का? कंद देणारा माणूस गावात येऊन गेला, एकरात सोने पिकते म्हणतो.’ ज्या प्रश्नापायी घरातले दागिने गहाण पडू शकतात, तो प्रश्न बैठकीचाच असतो. म्हणून आज निशिगंधावर बोलतो. आधी शेतीचे, मग हिशेबाचे.

हे झाड मूळचे मेक्सिकोचे. आपल्याकडे कोणी निशिगंध म्हणते, कोणी रजनीगंधा, आणि मंडईत ती गुलछडी. एकदा लावली की तीन वर्षे त्याच जागेवर राहते, म्हणून जागा निवडताना चूक झाली तर ती तीन वर्षे भोगावी लागते.

जागा उन्हाची हवी

पहिली गोष्ट ऊन. बांधावरच्या लिंबाखाली, चिंचेखाली, घराच्या पडवीच्या आडोशाला जी रिकामी पट्टी असते, तीच नेमकी फुलांना द्यायची आपली सवय. निशिगंधाला ती चालत नाही. सावलीत पाने लांबतात, हिरवीगार दिसतात, पाहणारा खूश होतो. पण दांडे थोडे येतात आणि उशिरा येतात. दिवसभर ऊन खाणारी जागाच द्या. २० ते ३५ अंश तापमानात हे पीक चांगले चालते, म्हणजे आपल्या जिल्ह्यातला वर्षाचा मोठा भाग त्याच्या सोयीचा आहे.

दुसरी गोष्ट निचरा. कंद पाण्यात बसला की कुजला. काळ्या भारी जमिनीत सपाट वाफ्यावर लावू नका. सरी-वरंबा करा किंवा गादीवाफा करून ठिबक टाका. मध्यम, पोयट्याची, निचऱ्याची जमीन सगळ्यात बरी.

तिसरी गोष्ट, आधी त्या जागेत काय होते? टोमॅटो, वांगी, भेंडी यांच्या मुळांवर गाठी करणारा सूत्रकृमी निशिगंधालाही लागतो. आधीच्या पिकाची मुळे उपटून पाहा. गाठी दिसल्या तर ती जागा सोडा, किंवा एक हंगाम झेंडू घ्या. झेंडूने सूत्रकृमी कमी होतो, आणि दसऱ्याला पैसेही होतात. लागवडीआधी निंबोळी पेंड मातीत मिसळली तर तिचाही उपयोग होतो.

वाण निवडायचा तो बाजार पाहून

कंद विकणारा सांगेल, ‘दुहेरी घ्या, फूल मोठे येते.’ फूल मोठे येते हे खरे. पण ते विकणार कुठे, हे तो सांगत नाही.

एकेरी फुलाला पाकळ्यांची एकच ओळ असते आणि वास सगळ्यात जास्त. हार, वेणी, गजरा, देवपूजा यांना हेच फूल लागते, आणि ते सुटे किलोवर विकले जाते. दुहेरीला पाकळ्यांच्या अनेक ओळी, वास कमी. ते दांड्यासकट फुलदाणीसाठी जाते. ते घेणारी गिऱ्हाइके मोठ्या शहरातली हॉटेले, लग्नाचे हॉल आणि सजावटवाले. ज्या गावाहून शहर सात-आठ तासांवर आहे, त्याने दुहेरी लावून काय करायचे? तालुक्याच्या बाजारात तो दांडा घेणारे चार लोकही निघत नाहीत.

म्हणून माझा सल्ला असा. ज्यांचा बाजार हार-वेणीचा आहे त्यांनी एकेरी वाणच घ्यावेत. बंगळूरजवळ हेसरघट्टा येथे भारतीय बागवानी संशोधन संस्था आहे. तिने काढलेला ‘शृंगार’ हा एकेरी वाण सूत्रकृमीला बऱ्यापैकी दाद देत नाही. त्याच संस्थेचा ‘प्रज्वल’ हा शृंगार आणि मेक्सिकन सिंगल यांच्या संकरातून आला. कळीला किंचित गुलाबी झाक असते, फूल वजनदार असते, आणि तो सुटा तसाच दांड्यालाही चालतो. आपल्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची ‘फुले रजनी’ हीही एकेरी. दांड्याचा बाजार खरोखर हाताशी असेल तर हेसरघट्ट्याचे ‘सुवासिनी’ हा दुहेरी आणि ‘वैभव’ हा निमदुहेरी वाण आहेत. कंद घेताना वाणाचे नाव पावतीवर लिहून घ्या. ‘बंगलोरचा माल’ हे वाणाचे नाव नव्हे.

लागवड

एप्रिल-मे महिन्यात लावा. तीन-साडेतीन महिन्यांत फूल सुरू होते, म्हणजे गणपती, नवरात्र, दसरा सापडतो. कंद २० ते ३० ग्रॅम वजनाचा, चाती़सारखा, घट्ट असावा. काढल्या काढल्या लावू नका. महिनाभर तरी सावलीत, वाऱ्यावर विश्रांती द्या, म्हणजे उगवण एकसारखी होते. लावण्यापूर्वी बुरशीनाशकाच्या द्रावणात बुडवा. दोन्हीकडून ३० सेंटिमीटर अंतर आणि ५ ते ७ सेंटिमीटर खोली.

हिशेब गुंठ्याचा करू. एका गुंठ्याला सुमारे ११०० कंद लागतात, म्हणजे वजनाने पंचवीस-तीस किलो. शेणखत अर्धा टन. नत्राची शिफारस हेक्टरी २०० किलो, म्हणजे गुंठ्याला २ किलो. युरियात मोजले तर साडेचार किलोंच्या आत. तो एकदम टाकू नका. काही लागवडीला आणि बाकीचा महिन्या-महिन्याच्या अंतराने द्या. स्फुरद आणि पालाश माती तपासून लागवडीलाच द्या. पाणी उन्हाळ्यात पाच-सात दिवसांनी, हिवाळ्यात आठ-दहा दिवसांनी, जमीन पाहून.

सुटे फूल सकाळी ऊन चढायच्या आत तोडायचे, कळी पूर्ण भरलेली आणि उमलण्याच्या बेतात असताना. दांडा विकायचा असेल तर खालची एक-दोन फुले उमलली की कापायचा. आणि औषध फवारलेल्या वाफ्यात दुसऱ्याच दिवशी बायकांना तोडणीला पाठवू नका. ते फूल त्यांच्या हातात जाते, मग कोणाच्या तरी केसांत जाते.

तोडणीचा हिशेब कोण लिहिते?

आता हिशेबाचे. कंदवाल्याच्या कागदावर उत्पन्न लिहिलेले असते, खर्चात कंद आणि खत लिहिलेले असते. एक गोष्ट कधीच लिहिलेली नसते. पहाटे चार-पाच वाजता उठून वाफ्यात वाकून एकेक कळी खुडणारी बाई. घरची आहे, म्हणून ती फुकट. हंगामात ही तोडणी रोजची आहे. फूल सुट्टी देत नाही.

समजा, सकाळी १० किलो फूल निघाले आणि ४० रुपये भाव मिळाला. पट्टी झाली ४०० रुपयांची. तोडणीची मजुरी १५० धरा, गाडीभाडे ६०, आडत ४०. हातात राहिले १५०. यात जमीन, कंद, खत, पाणी अजून यायचे आहे. आडत भावाबरोबर खाली-वर होते, ती सोडली तरी तोडणी आणि भाडे मिळून किलोला २१ रुपये पडतात. भाव त्याच्या आत आला की फूल बाजारात नेणारा स्वतःच्या खिशातून घालतो. घरच्या बाईची मजुरी धरली नाही तर हा तोटा दिसत नाही, एवढेच. होत तर असतोच. हे आकडे उदाहरणाचे आहेत. तुमचे आकडे तुमच्या पट्टीवरून घाला. पण तोडणीचा रकाना रिकामा ठेवू नका, आणि तिने मजुरी केली असेल तर पैसेही तिच्या हातात द्या.

कोणी म्हणेल, भाव पडला तर अत्तराला विकू. हजार किलो फुलांतून सुगंधी अर्क निघतो तो जेमतेम किलोभर. त्याचा कारखाना दारात नसेल तर ही गोष्ट ऐकून सोडून द्यावी.

आणि फुलाला साठवण नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली, देवळे बंद, लग्ने बंद. उभ्या फुलांत नांगर घातलेली शेते आपण सगळ्यांनी पाहिली. राज्यातली देवळे उघडली ती नोव्हेंबरात पाडव्याला. तोपर्यंत ज्याचे दोन गुंठे होते तो सावरला. ज्याने एकरभर कर्जाने लावले होते त्याचे व्याज चालूच राहिले. आज प्लॅस्टिकच्या माळा भाव पाडताहेत, ते वेगळेच. सांगायचे एवढेच की हे पीक मोठ्या उडीचे नाही.

बियाणे आपल्या घरात

मग लावू नये का? लावावे. पण एकराने नाही, गुंठ्याने. कारण या पिकात एक गुण आहे जो आपल्या फार थोड्या पिकांत उरला आहे. कंद एकदाच विकत घ्यावा लागतो.

एक कंद एकदाच फुलतो. पण फुलता फुलता त्याच्या भोवती पिल्ले धरतात, ती पुढच्या वर्षी फुलतात. म्हणूनच ठोंब तीन वर्षे चालतो, आणि म्हणूनच तीन वर्षांनी दाटी होऊन दांडे आखूड पडतात. तेव्हा पाणी तोडायचे, पाने पिवळी पडली की ठोंब उपटायचा, मोठे कंद निवडून सावलीत सुकवायचे. एका ठोंबातून लागवडीजोगे पाचच कंद धरले तरी एका गुंठ्याचे पाच गुंठे होतात. बारीक कंद वेगळ्या वाफ्यात वाढवा, ते पुढच्या वर्षी कामाला येतात. ज्या ठोंबाला सूत्रकृमी किंवा कूज दिसली त्याचा एकही कंद ठेवू नका, वाटू तर नकाच.

आणि वाटायला कायद्याची आडकाठी नाही. २००१ च्या वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने संरक्षित वाणाचे बियाणेसुद्धा राखणे, पेरणे, अदलाबदल करणे, शेजाऱ्याला देणे आणि विकणे हा शेतकऱ्याचा हक्क मान्य केला आहे. फक्त ब्रँडच्या नावाने पिशवीत भरून विकता येत नाही. तेव्हा कंदवाला ‘हा माल दुसऱ्याला द्यायचा नाही’ असा कागद पुढे करील, तर सही करण्याआधी तो कागद बैठकीत आणा.

ठराव करायचा असेल तर असा करू. ज्या गावात दहा घरे निशिगंध लावू इच्छितात, त्यांनी मिळून एका गुंठ्याचे कंद विद्यापीठातून किंवा खात्रीच्या रोपवाटिकेतून आणावेत. एकाच उन्हाच्या जागी लावावेत. तोडणी, भाडे, आडत, पट्टी सगळे एका वहीत लिहावे, आणि वही तोडणी करणाऱ्या बाईच्या हातात असावी. तीन वर्षांनी वहीने सांगितले की परवडते, तर कंद दहा घरांत वाटून घ्यावेत; कर्ज नाही, कंदवाला नाही. वहीने सांगितले की परवडत नाही, तर एका गुंठ्यावर निभावले.

ज्या गावांची तयारी आहे त्यांनी आज जाण्यापूर्वी नावे द्यावीत, आणि मातीचा नमुना पुढच्या बैठकीला बरोबर आणावा.