घरची कारभारीण आणि गावचा कारभार

(अहिल्यानगर जिल्ह्यातील पंचायत सदस्य, शिक्षक व ग्रामपातळीवरील अधिकारी यांच्या मेळाव्यात माहिती अधिकाऱ्याने केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या भागातील बोलीत एक फार अर्थपूर्ण शब्द आहे. जुन्या पिढीतील बायका नवऱ्याचे नाव न घेता त्याला ‘कारभारी’ म्हणत, आणि गावातील लोक तिला ‘कारभारीण’ म्हणत. वरवर पाहता कारभाऱ्याची बायको म्हणून ती कारभारीण. परंतु घरात पाऊल टाकले की खरा कारभार कोणाच्या हाती आहे हे कळायला फार वेळ लागत नाही. ज्या घरात पाच-सहा लेकरे आहेत, दोन म्हातारी माणसे आहेत, दावणीला एखादे जनावर आहे, त्या घरातील बाई रोज जे पार पाडते त्याला दुसरे नाव नाही. तो कारभारच होय. आपल्या जिल्ह्याला आता ज्या अहिल्यादेवींचे नाव आहे, त्यांचा जन्म १७२५ साली जामखेड तालुक्यातील चौंडी येथे झाला. त्यांच्या राज्यकारभाराचा गौरव आपण सारेच करतो. आज मी ज्या कारभाराविषयी बोलणार आहे, त्याची दप्तरे मात्र कोणी ठेवलेली नाहीत.

अशा दप्तराला जिल्ह्यात एक थोर अपवाद आहे. लक्ष्मीबाई टिळक यांचा जन्म १८६८ सालचा. कवी नारायण वामन टिळक यांच्याबरोबर त्यांच्या संसाराची अनेक वर्षे नगर आणि राहुरी येथे गेली. पोटचा मुलगा दत्तू आणि मानलेली मुलगी तारा एवढीच मुले म्हटली तर घर लहान होते. पण टिळकांचा स्वभाव असा की हातात आलेला पैसा हातात राहत नसे आणि दारात आलेले पोर दारात राहत नसे. परक्यांची मुले, विद्यार्थी, पाहुणे यांनी ते घर सदैव भरलेले असे. बालकवी ठोमरे याच घरात मुलासारखे राहिले. एवढ्या पसाऱ्याला जेवू घालण्याची, आजारपणे काढण्याची आणि रिकाम्या डब्यातून उद्याचा दिवस उभा करण्याची जबाबदारी ज्या बाईवर होती, तिने शाळेची पायरी चढलेली नव्हती. पतीच्या निधनानंतर, १९१९ नंतरच्या काळात, त्यांनी मुंबईस मुलींच्या वसतिगृहात काम पत्करले, म्हणजे पुन्हा अनेक मुलींची आईच झाल्या. ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागली आणि मराठी साहित्यात एक अनमोल भर पडली. आपण त्या ग्रंथाची भाषा वाखाणतो, विनोद वाखाणतो. मला त्याचे आणखी एक महत्त्व वाटते. मराठी मुलखातील एका भरल्या घराचा जमाखर्च प्रत्यक्ष तो सांभाळणाऱ्या बाईने लिहून ठेवला आहे. बाकीच्या असंख्य घरांतील जमाखर्च चुलीच्या धुराबरोबर विरून गेला.

मित्रहो, हा जमाखर्च म्हणजे काय असतो, हे मी पुस्तकात वाचण्याआधी घरीच पाहिले आहे. आम्ही पाथर्डी तालुक्यातील एका लहान गावचे. सहा भावंडे, आई, वडील आणि आजी असे नऊ जणांचे कुटुंब. दोन वेळच्या मिळून तीस-बत्तीस बाजरीच्या भाकरी आई रोज थापत असे. पहाटे विहिरीवरून पाणी, मग शेण-गोठा, मग चूल, मग रानातले काम, परत आल्यावर पुन्हा चूल, हा तिचा क्रम वर्षाचे बारा महिने चाले. तिला अक्षरओळख नव्हती, परंतु कणगीतील धान्य सुगीपर्यंत कसे पुरवायचे याचा हिशेब तिच्या डोक्यात पक्का असे. थोरल्याचा सदरा मधल्याला, मधल्याचा धाकट्याला. एका कंदिलाभोवती कोणी कुठे बसायचे, हेही ठरलेले. पाणी एकाने, सरपण दुसऱ्याने, शेळी तिसऱ्याने. प्रत्येक लेकराला त्याच्या वयाच्या मानाने काम आणि कामाच्या मानाने कौतुक. आज व्यवस्थापनशास्त्राचे वर्ग चालतात, त्यांत कामाची वाटणी हा विषय असतो. आमच्या आईने तो धडा चुलीपुढे बसून घालून दिला होता.

परंतु या व्यवस्थेचे एक दुसरे अंगही आहे, आणि तेच सांगण्यासाठी मी आज आपल्यापुढे उभा आहे. मोठ्या कुटुंबाची घडी ज्या खुंटीवर टांगलेली असते, ती खुंटी म्हणजे थोरली मुलगी. आई रानात गेली की धाकट्याला कोण सांभाळणार? थोरली. आमच्या घरात ती आक्का होती. पाचवीत असताना ती धाकट्या भावाला कडेवर घेऊन शाळेत जाई. भाऊ वर्गात रडे, मग ती त्याला घेऊन बाहेर ओट्यावर बसे आणि खिडकीतून फळा पाही. त्या वर्षी दिवाळीची सुट्टी संपली आणि आक्का शाळेत गेली नाही. तिची शाळा बंद करावी असे आईने म्हटले नाही, वडिलांनीही म्हटले नाही. कोणी निर्णय घेतलाच नाही. तिला जाणे जमले नाही, एवढेच. तो धाकटा भाऊ म्हणजे मीच. मी पुढे कला शाखेचा पदवीधर झालो, शासनाच्या सेवेत आलो आणि आज ध्वनिक्षेपकासमोर बोलत आहे. माझ्या पदवीचा काही भाग आक्काच्या पाचवीच्या पुस्तकातून वजा झालेला आहे, याची जाणीव मला फार उशिरा झाली.

यात दोष आईचा होता काय? मुळीच नाही. तिने हाताशी होती ती माणसे वापरून घर चालविले. उणीव होती ती घराबाहेर. पाणी जवळ नव्हते, दोन वर्षांच्या मुलाला ठेवण्याची जागा नव्हती, आणि वर्गातून एक मुलगी कमी झाली तर ती कोणामुळे, हे विचारण्याची रीत नव्हती. घरची घडी विस्कटू नये म्हणून गावाने जे करावयास हवे होते, ते एका दहा वर्षांच्या मुलीने केले.

लेकरे अधिक का होत, याचाही विचार सहानुभूतीने केला पाहिजे. ‘अडाणीपणा’ हे त्याचे सोपे उत्तर आहे, परंतु खरे उत्तर आपल्याच जिल्ह्यातील जामखेडने दिले आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली तेथे काम सुरू केले. प्रकल्पाच्या नोंदींनुसार १९७१ मध्ये त्या परिसरात जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी १७६ बालके वर्षाच्या आत दगावत होती. जिथे पाळणा असा वारंवार रिकामा होतो, तिथे आईने ‘दोन पुरे’ म्हणावे तरी कोणत्या भरवशावर? आरोळे दांपत्याने गावोगावच्या बायकांना आरोग्याचे शिक्षण दिले. त्यांतील कित्येक निरक्षर होत्या, कित्येक दलित समाजातील होत्या, आणि बहुतेक स्वतः लेकुरवाळ्या होत्या. सुरक्षित बाळंतपण, स्वच्छ पाणी, बाळाचा आहार आणि दोन मुलांतील अंतर हे विषय त्यांनी शेजारणींना शेजारणीच्या भाषेत सांगितले. १९९६ पर्यंत तेथील बालमृत्यूचे प्रमाण हजारी २६ पर्यंत खाली आले आणि जन्मदरही निम्म्यावर आला. मूल जगेल हा विश्वास आधी आला, कुटुंब लहान होणे त्यामागून आले. आरोळे दांपत्याला १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्या कामाचा पाया मात्र ज्यांना कारभारीण म्हणतात अशाच बायकांनी घातला.

आज चित्र बदलले आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात एका स्त्रीमागे सरासरी अपत्यांचे प्रमाण १९९२-९३ मध्ये २.९ होते, ते २०१९-२१ मध्ये १.७ झाले. मग घरातील ओझेही त्याच प्रमाणात उतरले काय? २०१९ साली देशभर झालेल्या वेळ-वापर पाहणीचे उत्तर विचार करावयास लावणारे आहे. घरच्यांसाठी विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया शंभरात ८१, तर पुरुष शंभरात २६. आणि जे करतात त्यांच्यात स्त्रीचा दिवसाचा वेळ सरासरी २९९ मिनिटे, पुरुषाचा ९७ मिनिटे. म्हणजे स्त्रीचे जवळजवळ पाच तास. लेकरांची संख्या घटली, कामाची वाटणी मात्र फारशी हलली नाही.

आणि ज्या घरात आजही लेकरे अधिक आहेत, ती घरे बहुधा सर्वांत कमी साधनांची आहेत. पाथर्डी, जामखेड, शेवगाव या भागांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जाणारी कुटुंबे आपण सर्वांनी पाहिली आहेत. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५० च्या सुमारास उभा राहिला आणि सहकाराच्या इतिहासात जिल्ह्याचे नाव कोरले गेले. त्याच जिल्ह्यातील कोरडवाहू गावांतून नवरा-बायकोचा एक ‘कोयता’ दूरच्या फडावर जातो. तेथील कोपीत पहाटेच्या अंधारात चूल पेटवून, तान्ह्याला पाचटाच्या सावलीत निजवून ती बाई दिवसभर मोळ्या वाहते. तिच्या मागे तान्ह्याजवळ बसलेली सात-आठ वर्षांची मुलगी पाहिली की मला आक्का आठवते. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी २०२१ मध्ये संत भगवानबाबा यांच्या नावाने शासकीय वसतिगृहांची योजना आखण्यात आली. अशा वसतिगृहात जाण्याजोगे आपल्या गावातील प्रत्येक मूल शोधणे, त्याच्या आईला योजना समजावून सांगणे, आणि तेही कुटुंब गाव सोडण्यापूर्वी, हे काम गावातल्या माणसांवाचून होणार नाही.

मग आपण काय करावे? चार गोष्टी आपल्यापुढे ठेवतो. त्यांना मोठा निधी लागत नाही.

पहिली गोष्ट पाण्याची वेळ. नळ घरात आला म्हणजे प्रश्न सुटला असे नाही. पाणी भर दुपारी किंवा शाळेच्या वेळी सुटले तर ते भरण्यासाठी मुलगीच घरी राहते. पाणी सोडण्याची वेळ ठरविताना गावातील बायकांना विचारा.

दुसरी गोष्ट तान्ह्यांची. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली आणि अंगणवाडी गावोगाव पोहोचली. परंतु अंगणवाडीत बसणारे मूल तीन वर्षांपुढचे. त्याहून लहान मूल अजूनही बहिणीच्या कडेवरच आहे. अंगणवाडीला जोडून पाळणाघर चालविण्याची तरतूद ‘पाळणा’ योजनेत २०२२ पासून आहे. आपल्या गावात तशी गरज असेल तर ठराव करून मागणी करा. ग्रामपंचायतीच्या उत्पन्नाचा जो दहा टक्के हिस्सा महिला व बालकल्याणासाठी राखून ठेवायचा असतो, त्याचा विनियोग ठरविताना या लेकरांची आठवण ठेवा.

तिसरी गोष्ट शिक्षक बंधू-भगिनींसाठी. एखादी मुलगी तीन दिवस आली नाही तर हजेरीपटावर केवळ गैरहजेरी मांडून थांबू नका. तिच्या घरी जाऊन एकच प्रश्न विचारा: “घरात लहान कोण आहे?” या उत्तरात तिच्या गैरहजेरीचे कारण पुष्कळदा सापडेल. आमच्या गावी असे कोणी विचारले असते, तर आक्का कदाचित सातवी झाली असती, कदाचित त्याहूनही पुढे गेली असती.

चौथी गोष्ट आम्हां पुरुषांसाठी. ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा घेण्याची तरतूद कायद्यात आहे, आणि पंचायतीतील निम्म्या जागा २०११ पासून महिलांसाठी राखीव आहेत. परंतु सभेची वेळ आणि चुलीची वेळ एकच असेल तर सदस्य भगिनीने सभेस यावे कसे? त्या दिवशी चूल दुसऱ्या कोणी सांभाळली पाहिजे. भाकरी थापता येत नसेल तर पाणी भरावे, लेकरू घ्यावे. घरचा मुलगा हे पाहतो आणि शिकतो. कायद्याने जे होत नाही ते या पाहण्याने होते.

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या प्रत्येक मुलाच्या शासकीय कागदपत्रांत आईचे नाव घालणे महाराष्ट्रात बंधनकारक झाले आहे. ही उचित गोष्ट झाली. कागदावर आईचे नाव आले. आता तिच्या कामातला वाटा उचलणेही आपल्यावर आले.

आमची आई आता थकली आहे. आक्काची नात यंदा शाळेत दाखल झाली. दाखल्याच्या दिवशी आक्का स्वतः तिला घेऊन गेली आणि वर्ग सुटेपर्यंत ओट्यावर बसून राहिली. मी विचारले, “घरी का गेली नाहीस?” ती म्हणाली, “आज कडेवर कोणी नव्हतं. निवांत बसले.”

आपल्या प्रत्येक गावातील शाळेच्या ओट्यावर अशी निवांत बसण्याची वेळ प्रत्येक आक्काला मिळो, आणि वर्गात तिच्या लेकीबाळींना जागा मिळो, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो. 

जय हिंद, जय महाराष्ट्र.