वारा आणि ब्रेक



नांदेड-लातूर रस्त्यावरच्या एस.टी.चा किंवा ट्रकचा ब्रेक चाकातच असतो, हे आय.टी.आय.त जाणारी आपली मुले जाणतात. शर्यतीच्या मोटारीत मात्र हाच ब्रेक एकदा चाकातून निघून गाडीच्या पोटात गेला आणि पुन्हा चाकात परत आला. असे का घडले?

चाक जड असले की खड्ड्यावरून उसळते आणि रस्त्यावरची पकड सुटते. म्हणून चाकाचा भार कमी करायचा. इंग्लंडच्या लोटस कंपनीने १९७० साली '७२' ही मोटार काढली. वारा सहज कापला जावा म्हणून तिचा आकार पाचरीसारखा केला, रेडिएटर नाकातून काढून दोन्ही बाजूंना नेले. पुढच्या ब्रेकच्या डिस्कही आत घेतल्या आणि दांड्याने चाकांना जोडल्या. आता ब्रेकचा सारा जोर त्या दांड्यातूनच चाकापर्यंत जाणार!

५ सप्टेंबर १९७० रोजी इटलीत मोंझा येथे योखेन रिंट हा चालक सरावाला उतरला. वाऱ्याचा अडथळा घटून वेग वाढावा म्हणून गाडीचे पंख काढलेले होते. वळणाआधी ब्रेक दाबताच गाडी डावीकडे ओढली गेली, कठड्यावर आदळली आणि रिंट मरण पावला. त्या वर्षीचे जगज्जेतेपद त्याला मरणोत्तर मिळाले. उजव्या पुढच्या ब्रेकचा दांडा निकामी झाला होता, असे इटलीतील चौकशीत निघाले. कठडाही नीट बसवलेला नव्हता.

एवढे होऊनही मागचे ब्रेक बऱ्याच गाड्यांत आतच राहिले. त्यांना बाहेर काढले ते वाऱ्याने. १९७७ साली लोटसने '७८' मोटारीचा तळ उलट्या पंखासारखा केला. खालून वारा वेगाने जातो, दाब घटतो आणि गाडी रस्त्याला चिकटते. पण वाऱ्याला मागे मोकळी वाट हवी, आणि तेथेच गिअरबॉक्सच्या दोन्ही अंगांना ब्रेक वाट अडवून बसलेले. पुढे अशा गाड्यांत ते उचलून चाकात बसवले गेले. चाक जड झाले खरे, पण चिकटण्याचा लाभ त्याहून मोठा होता.

हा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, म्हणजे वेग दुप्पट तर दाब चौपट. (सूत्र केवळ मार्कांपुरते पाठ करणाऱ्यांनी येथे जरा थांबावे.) म्हणून चालक आधी जोराने ब्रेक दाबतो आणि वेग उतरेल तसा पाय हलका करतो, नाहीतर चाक जाम होऊन घसरते.

चाकाच्या पोकळीत उष्णता कोंडते. त्यासाठी वारा आणणारी नळी आली, आणि सुमारे १००० अंश तापूनही टिकणाऱ्या कार्बनच्या डिस्क आल्या. नळीचे तोंड मोठे केले की ब्रेक थंड राहतो, पण वाऱ्याचा अडथळा वाढतो. प्रत्येक मैदानासाठी हा हिशेब नव्याने मांडावा लागतो. २०११ ते २०१३ या काळात ग्रेटर नोएडाला झालेल्या तीन शर्यतींतही अभियंत्यांना तो मांडावा लागला.