वेलांटीची जागा

लखनौच्या उत्तर भागात जानकीपुरम ही वसाहत आहे. तिच्या विस्तारित भागात डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या नावाचे तंत्रविद्यापीठ आहे. अशा विद्यापीठातून बाहेर पडलेला तरुण मुक्तस्रोत संगणकप्रणालीच्या कामात शिरला, की एक प्रश्न त्याच्यापुढे उभा राहतो. ही प्रणाली कोणालाही वापरता व सुधारता येते. पण ती समजावून देणारी पुस्तिका कोणत्या खुणांनी लिहावी? प्रश्न किरकोळ वाटेल. परंतु खुणा जाचक झाल्या, तर जाणकार माणूस लिहिण्याचेच टाळतो, आणि पुस्तिकेवाचून ती प्रणाली नवख्याला बंदच राहते.

यंत्राची सोय पाहावी की माणसाची, हा वाद लखनौला नवा नाही. १९५३ साली याच शहरात देवनागरीच्या सुधारणेसाठी परिषद भरली. पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे न देता उजवीकडे, आखूड दांड्याने द्यावी, असे तेथे ठरले. त्यामागचा तर्क सरळ होता. 'कि' उच्चारताना क आधी येतो व इ मागाहून. मग लिहिताना उलटा क्रम कशाला? परंतु वाचकांच्या डोळ्यांना ते रुचले नाही. निर्णय फिरवावा लागला आणि वेलांटी जुन्या जागी परतली.

पुस्तिकेच्या खुणांना मार्कअप म्हणतात. हे शीर्षक, ही आज्ञा, हा इशारा, एवढेच लेखकाने सांगावयाचे. अक्षर ठळक की तिरपे, ते यंत्राने पाहावयाचे. डॉकबुक ही पद्धत या कामी फार काटेकोर आहे. परंतु प्रत्येक तुकडा आरंभीच्या व शेवटच्या खुणेत कोंडताना लिहिणाऱ्याचा हात अडखळतो. उलट, जॉन ग्रूबर यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेले मार्कडाउन साध्या पत्रासारखे वाचता येते. मात्र त्यातील उणिवा ज्याने त्याने आपापल्या परीने भरून काढल्या, आणि एकाच पद्धतीच्या अनेक बोली झाल्या. त्यांना नियमांत बसविण्यासाठी २०१४ साली कॉमनमार्कचा प्रयत्न सुरू झाला.

मोठ्या प्रकल्पांचा कल मधल्या मार्गाकडे दिसतो. पायथन भाषेची पुस्तिका २००७ साली लाटेक सोडून रीस्ट्रक्चर्डटेक्स्टमध्ये आली. लिनक्सच्या गाभ्याने २०१६ पासून डॉकबुक सोडून तीच वाट धरली. तेथे मजकूर साध्या डोळ्यांना वाचता येतो आणि प्रकरणांचे परस्परसंदर्भही नीट बांधता येतात. त्याचे मोल मोजावे लागतेच. एखादी ओळ समासापासून चुकीच्या अंतरावर सुरू झाली, तरी अर्थ बदलतो. म्हणून दोन पानांच्या परिचयाला मार्कडाउन पुरे. शेकडो पानांच्या ग्रंथाला अधिक शिस्तीची पद्धत हवी. दोन्ही ठिकाणी कसोटी एकच: चूक दिसताच नवख्याला ती स्वतः दुरुस्त करता यावी, आणि पाने सजविणारे साधन उद्या नाहीसे झाले तरी मजकूर वाचता यावा.

वेलांटीच्या वादाचा शेवटही येथे ध्यानात घेण्याजोगा आहे. युनिकोड पद्धतीत संगणक आधी क साठवितो व मागाहून वेलांटी. पडद्यावर मात्र वेलांटी आधी दिसते. परिषदेचा तर्क साठवणीत राहिला आणि वाचकाची सवय पडद्यावर राहिली. नोंद व दर्शन निरनिराळी करताच दोघांचेही समाधान झाले. पुस्तिकेच्या खुणा निवडणाऱ्याने साधावयाचे ते हेच.