इशारा कधी द्यायचा?

श्रोतेहो, आपण महाराष्ट्रातली बहुतेक माणसं ज्वालामुखीच्या अंगाखांद्यावर राहतो, पण त्याची आठवण आपल्याला सहसा होत नाही. माळशेज किंवा वरंधा घाटातून जाताना कड्यांवर पायऱ्यांसारखे आडवे थर दिसतात. हे सगळे थर म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांमधून वाहत आलेला लाव्हा.

मी भूशास्त्राचा शिक्षक. विद्यार्थ्यांना घेऊन घाटात गेलो, की दोन गोष्टी मुद्दाम दाखवतो. पहिली म्हणजे काळ्या दगडातल्या बारीक बारीक पोकळ्या. लाव्हा थिजत असताना त्यातला वायू बाहेर पडू पाहत होता, त्याचे हे बुडबुडे. दुसरी गोष्ट म्हणजे दोन थरांच्या मधली तांबडी पट्टी. एक उद्रेक झाला, लाव्हा थंड झाला, ऊन-पावसानं त्याची माती झाली आणि मग केव्हातरी पुढचा उद्रेक झाला. म्हणजे मधे इतका काळ गेला, की दगडाची माती व्हावी! त्या काळात इथे माणूस असता, तर त्यानं त्या मातीत खुशाल शेती केली असती.

एका विद्यार्थिनीनं मला विचारलं होतं, ‘‘सर, पुढचा उद्रेक येतोय हे त्या शेतकऱ्याला आधी कळलं असतं का?’’

आपल्याकडे हा प्रश्न कल्पनेतला आहे. फिलिपाइन्स, इंडोनेशिया, जपान, कोलंबिया, इटली, आइसलँड अशा देशांमध्ये तो रोजचा आहे. ज्वालामुखीची माती सुपीक असते, माणसं तिथे राहतातच. त्यांना आधी कळावं, म्हणून काही शास्त्रज्ञ जिवंत ज्वालामुखीच्या पायथ्याशी यंत्रं लावून बसलेले असतात. त्यांना नेमकं काय दिसतं आणि जे दिसतं ते लोकांना केव्हा सांगायचं, याबद्दल आज बोलणार आहे.

सुरुवात एका दुःखद घटनेपासून करावी लागेल. कोलंबियात नेवादो देल रुईझ नावाचा, माथ्यावर बर्फ असलेला ज्वालामुखी आहे. १९८४ च्या अखेरीस तो कुरबुरू लागला. सप्टेंबर १९८५ मध्ये त्यानं वाफेचा मोठा स्फोट करून दाखवला. शास्त्रज्ञांनी ऑक्टोबरमध्ये धोक्याचा नकाशा तयार केला. बर्फ वितळून चिखलाचे लोंढे कोणत्या खोऱ्यांतून येतील, हे त्यात दाखवलं होतं आणि आर्मेरो हे गाव त्या वाटेवर होतं. १८४५ मध्ये तिथेच असा लोंढा येऊन सुमारे हजार माणसं गेली होती. पण नकाशाबद्दल वाद झाले. उगाच घबराट पसरवता, असंही म्हटलं गेलं.

१३ नोव्हेंबर १९८५ च्या रात्री नऊच्या सुमारास उद्रेक झाला. उद्रेक तसा फार मोठा नव्हता, पण त्यानं माथ्यावरचं काही बर्फ वितळवलं. ते पाणी राख, माती, दगडधोंडे घेऊन नदीच्या पात्रातून धावत सुटलं. आर्मेरो डोंगरापासून सत्तर किलोमीटरहून दूर होतं. लोंढा तिथे पोचायला दोन-अडीच तास लागले. उंच जमीन गावापासून चालत जाण्याच्या अंतरावर होती. तरी सुमारे २३ हजार माणसं त्या रात्री मेली. नकाशा बरोबर होता, वेळही हाताशी होता. ‘आता घर सोडा’ हा निरोप मात्र वेळेवर पोचला नाही, आणि जिथे पोचला तिथे पटला नाही.

जगभरच्या ज्वालामुखीतज्ज्ञांना या घटनेची बोच लागली. अमेरिकेच्या भूशास्त्र सर्वेक्षण विभागानं १९८६ मध्ये एक छोटं फिरतं पथक उभारलं. सामान पेट्यांमध्ये बांधून तयार ठेवायचं आणि एखाद्या देशानं बोलावलं, की तिथल्या शास्त्रज्ञांच्या मदतीला जायचं, अशी ही योजना. पाच वर्षांनी या पथकाची खरी परीक्षा झाली.

फिलिपाइन्समधल्या लुझोन बेटावर, मनिलापासून साधारण नव्वद किलोमीटरवर पिनाटुबो नावाचा डोंगर आहे. जंगलानं झाकलेला हा डोंगर सुमारे पाचशे वर्षं गप्प होता. त्याच्या उतारावर आएटा नावाचे आदिवासी राहत. पायथ्याजवळ अमेरिकेचा क्लार्क हा मोठा हवाई तळ होता. २ एप्रिल १९९१ रोजी या डोंगरातून वाफेचे स्फोट झाले. आएटा लोकांमध्ये काम करणाऱ्या एका जोगिणीनं गावकऱ्यांना सोबत घेऊन ही खबर देशाच्या ज्वालामुखी आणि भूकंप संस्थेपर्यंत पोचवली. संस्थेचे प्रमुख होते रेमुंडो पुनोंगबायान. त्यांच्या माणसांनी लगेच भूकंपमापक लावले. दिवसाला चाळीस ते एकशेचाळीस बारीक हादरे नोंदले जाऊ लागले. एप्रिलच्या अखेरीस ख्रिस न्यूहॉल आणि त्यांचे अमेरिकी सहकारी आपल्या पेट्या घेऊन आले आणि क्लार्क तळावर दोघांनी मिळून वेधशाळा थाटली.

मंडळी, डॉक्टरसुद्धा रोग्याला पाहताना आधी जुना इतिहास विचारतो. इथेही तसंच झालं. काही जण हातोडी घेऊन ओढ्यांच्या काठांवर जुन्या राखेचे थर पाहत हिंडले. त्या थरांमध्ये जळालेल्या झाडांचा कोळसा सापडतो. कोळशावरून थराचं वय काढता येतं. त्यातून चित्र उभं राहिलं ते असं : हा डोंगर क्वचित जागा होतो, पण होतो तेव्हा छोटं काही करत नाही. तापलेली राख आणि वायू यांचे लोट पूर्वी कितीतरी किलोमीटरपर्यंत धावत गेले होते. यावरून धोक्याचा नकाशा झाला.

मग नाडी पाहणं सुरू झालं. शिलारस वर सरकतो तेव्हा खडक तडकतात, त्याचे हादरे भूकंपमापकावर उमटतात. आधी हे हादरे माथ्याच्या वायव्येला काही किलोमीटरवर होत होते. जूनच्या सुरुवातीला ते वाफेच्या तोंडांखालीच, उथळ जागी होऊ लागले. डोंगर फुगतोय का, हे पाहायला उतार मोजणारी यंत्रं होती. आणि तिसरी खूण म्हणजे वायू. घाटातल्या दगडात ज्याच्या पोकळ्या दिसतात, तोच हा वायू. शिलारस वर आला, की त्यात विरघळलेला वायू सुटू लागतो, सोड्याच्या बाटलीचं बूच सैल केल्यासारखा. त्यातला सल्फर डायऑक्साइड विमानातून मोजता येतो. १३ मे रोजी तो दिवसाला पाचशे टन निघत होता. २८ मे रोजी पाच हजार टनांवर गेला. म्हणजे ताजा शिलारस वर येत होता, यात शंका उरली नाही.

आणि मग ५ जूनपर्यंत हाच आकडा अडीचशे टनांच्या आसपास उतरला!

आता सांगा, याचा अर्थ काय लावायचा? घरात कुकरमधून फुसफुस वाफ येत असते आणि ती एकदम थांबते. त्याचे अर्थ दोन. एक तर खालचा गॅस संपला, किंवा शिट्टीचं भोक बुजलं. पहिलं असेल तर निर्धास्त व्हायचं, दुसरं असेल तर पळायचं. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. हादरे वाढतच होते, म्हणून वाट बुजली असावी आणि आत दाब साठत असावा, असा अर्थ शास्त्रज्ञांनी लावला. पण तो अर्थ होता, खात्री नव्हे.

शास्त्रज्ञाला शांत झोप लागू नये, अशी ही जागा आहे. १९७६ मध्ये कॅरिबियन समुद्रातल्या ग्वादलूप बेटावर ला सुफ्रिएर ज्वालामुखीच्या भीतीनं सत्तर हजारांहून अधिक माणसांना कित्येक महिने घराबाहेर ठेवलं गेलं आणि मोठा उद्रेक झालाच नाही. लोकांची शेतं, दुकानं, शाळा बुडाल्या. अशानं पुढच्या वेळी कोण ऐकेल? म्हणजे एका बाजूला ग्वादलूप, दुसऱ्या बाजूला आर्मेरो. लवकर बोललो तर विश्वास जातो आणि उशिरा बोललो तर माणसं जातात.

पिनाटुबोच्या मंडळींनी यावर दोन उपाय केले. पहिला, इशाऱ्याच्या पाच पायऱ्या ठरवल्या. तिसरी पायरी म्हणजे दोन आठवड्यांत उद्रेक होऊ शकतो. चौथी म्हणजे चोवीस तासांत. पाचवी म्हणजे उद्रेक सुरू आहे. ‘होईल’ किंवा ‘नाही होणार’ एवढंच सांगण्यापेक्षा हे प्रामाणिक होतं आणि सामान्य माणसालाही कळणारं होतं. दुसरा उपाय म्हणजे चित्रफीत. मॉरिस आणि कातिया क्राफ्ट हे फ्रेंच जोडपं आयुष्यभर उद्रेकांचं चित्रण करत आलं होतं. तापलेल्या राखेचे लोट कसे येतात, चिखलाचे लोंढे गाव कसं गिळतात, हे दाखवणारी त्यांची चित्रफीत अधिकाऱ्यांना, गावकऱ्यांना दाखवली गेली. तासभराच्या भाषणानं जे झालं नाही, ते काही मिनिटांच्या चित्रांनी केलं. आणि ही चित्रफीत इकडे माणसांना घराबाहेर काढत असतानाच, ३ जून १९९१ रोजी जपानच्या उन्झेन ज्वालामुखीवर अशाच एका लोटात मॉरिस आणि कातिया दोघंही गेले. त्या दिवशी तिथे एकूण ४३ माणसं मरण पावली.

५ जूनला तिसरी पायरी जाहीर झाली. ७ जूनला माथ्याजवळ घट्ट लाव्हाचा गोळा वर आला आणि चौथी पायरी जाहीर झाली. ९ जूनला पाचवी. १० जूनला क्लार्क तळावरची साडेचौदा हजारांच्या आसपास माणसं एका दिवसात हलवली गेली. १२ जूनला पहिला मोठा स्फोट झाला. गावं रिकामी करण्याचं अंतर दहा किलोमीटरवरून वीस, मग तीस आणि शेवटी चाळीस किलोमीटरपर्यंत वाढवण्यात आलं.

१५ जून उजाडला तो वादळ घेऊनच. ‘युन्या’ नावाचं चक्रीवादळ नेमकं त्याच दिवशी पिनाटुबोजवळून गेलं. दुपारी पावणेदोनच्या सुमारास मुख्य उद्रेक सुरू झाला. डोंगरावरची यंत्रं एकामागून एक गप्प झाली. तळावरचं एकच उरलं, तेव्हा मागे थांबलेले शास्त्रज्ञही गाड्यांमध्ये बसून निघाले. राखेचा स्तंभ पस्तीस किलोमीटरच्या वर गेला होता. विसाव्या शतकातल्या सर्वांत मोठ्या उद्रेकांपैकी हा एक. डोंगराची उंची १,७४५ मीटर होती, ती १,४८५ झाली. आकाशात गेलेल्या गंधकामुळे पुढचं वर्षभर साऱ्या पृथ्वीचं सरासरी तापमान सुमारे अर्ध्या अंशानं खाली आलं.

इशारा दिला नसता तर किमान पाच हजार माणसं अधिक मेली असती, असा अंदाज आहे. ही या शास्त्राची फार मोठी कमाई आहे. पण हिशेब पुरा सांगायला हवा. वादळाच्या पावसानं भिजून राख जड झाली आणि छपरं कोसळून शेकडो माणसं दगावली. छावण्यांमध्ये गोवर आणि इतर रोगांनी आणखी शेकडो गेली. त्यात आएटांची मुलं फार होती. ज्यांच्या गावातून पहिली खबर आली, त्यांनाच छावणीतल्या गर्दीनं सर्वांत जास्त त्रास दिला. पुढची कित्येक वर्षं पावसाळ्यात साठलेली राख चिखल होऊन खाली येत राहिली. इशारा देऊन माणसं हलवली, की काम संपत नाही. त्यांना स्वच्छ पाणी, लस आणि पुन्हा उभं राहायला जमीन लागते. हे यंत्रावर उमटत नाही.

आता साधनं कितीतरी सुधारली आहेत. डोंगर काही सेंटिमीटर फुगला तरी उपग्रहातून कळतं. आइसलँडमध्ये १० नोव्हेंबर २०२३ च्या रात्री ग्रिंडाविक हे सुमारे ३,८०० वस्तीचं गाव रिकामं केलं गेलं. उद्रेक झाला तो १८ डिसेंबरला, म्हणजे तब्बल पाच आठवड्यांनी. या पाच आठवड्यांत गावकऱ्यांच्या मनात काय काय आलं असेल! भारतातही एक जिवंत ज्वालामुखी आहे, अंदमानातला बॅरन बेट. दीडशेहून अधिक वर्षं शांत राहून तो १९९१ मध्ये पुन्हा जागा झाला. जानेवारी २०१७ मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञ ‘सिंधू संकल्प’ जहाजावरून तिथे समुद्रतळाचे नमुने घेत असताना त्याला राख ओकताना त्यांनी पाहिलं. दिवसा नुसती राख दिसे आणि सूर्यास्तानंतर लालभडक लाव्हाची कारंजी. त्या बेटावर वस्ती नाही, हे आपलं भाग्य.

पण सह्याद्रीच्या पोटाशी वस्ती आहे. ३० जुलै २०१४ ला माळीण आणि १९ जुलै २०२३ ला इर्शाळवाडी दरडीखाली गेली. आग केव्हाच विझलेल्या त्याच लाव्हाचे हे डोंगर, पावसात झिजून सैल झालेले. म्हणून त्या विद्यार्थिनीचा प्रश्न आपल्याकडे वाटतो तितका कल्पनेतला उरत नाही. डोंगराकडे नियमित पाहणारं कोण आहे? वाडीतल्या म्हातारीनं ‘जमिनीला भेग पडलीय’ म्हणून सांगितलं, तर ते कुणापर्यंत पोचतं? आणि उद्या कुणी ‘घर सोडा’ म्हणालं, तर त्याच्यावर विश्वास ठेवावा इतकी त्याची-आपली ओळख आधीपासून आहे का? पिनाटुबोला या तिन्ही प्रश्नांची उत्तरं दहा आठवड्यांत तयार करावी लागली. आपल्या हाती दर वर्षी उन्हाळ्याचे काही महिने असतात.

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)